शूप्लाटलर: सम पायात ठेवायची

प्रश्न जर्मनीत, बव्हेरियातल्या रोझेनहाइमजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: नऊ वर्षांचा मुलगा गावच्या ट्राख्ट मंडळाच्या, म्हणजे पारंपरिक पेहराव आणि नाच जपणाऱ्या मंडळाच्या, बालगटात जातो. त्याला सोडता-आणता बापालाही शूप्लाटलरची, म्हणजे मांड्यांवर आणि बुटांच्या तळव्यांवर तालात थापा देत नाचायच्या तिथल्या लोकनाचाची, ओढ लागली. वय चाळिशीला टेकलेलं. व्हिडिओ बघून घरी सराव चालू आहे. सावकाश केलं तर सगळं जमतं, पण संगीत लावलं की दुसऱ्या ओळीतच गुंता होतो. मांड्या लाल होतात, आवाज मात्र मेलेला येतो. घरी नीट बसवून मग मंडळात जावं की सरळ जावं? परका माणूस म्हणून अवघडल्यासारखं होईल का? आणि बायको विचारते आहे, बायकांनी नुसत्या गिरक्याच घ्यायच्या का?

मी कीमझे तलावाच्या दक्षिणेला एका गावात राहतो. तिथल्या मंडळात बरीच वर्षं नाचलो आणि आता मुलांच्या गटाला शिकवायला मदत करतो. त्यामुळे इथे लिहितोय ते दक्षिण बव्हेरियातल्या आमच्या भागाच्या पद्धतीचं आहे. ऑस्ट्रियात टिरोल, साल्झबुर्ग, केर्न्टनकडे तपशील बदलतात. इतकंच कशाला, शेजारच्या दोन गावांत एकाच नावाचा नाच दोन तऱ्हांनी नाचतात आणि दोन्ही गावं आपलाच खरा म्हणतात. तेव्हा कुठल्या थापेनंतर कुठली थाप, हे मी सांगणार नाही. ते तुमच्या मंडळाचं असेल तेच खरं.

आता गुंत्याकडे. अडचण हातांची आहे असं तुम्ही धरून चालला आहात. सगळेच धरतात, कारण दिसतात हात आणि ऐकू येतात तेही हातच. पण तुमच्या वर्णनात एक वाक्य असं आहे की उजव्या हाताने सुरुवात केली की पहिलं आवर्तन बरोबर जातं आणि दुसऱ्यात सगळं उलटं वाटायला लागतं. तुमचं दुखणं त्या वाक्यात आहे.

हे संगीत लेंडलर या आल्प्सकडच्या जुन्या लोकनाचाच्या घरातलं, तीन मात्रांचं. आणि प्लाटलरमध्ये बहुतेक वेळ हात आलटूनपालटून चालतात: उजवा, डावा, उजवा, डावा. आता तीन मात्रांवर दोन हात वाटून बघा. पहिल्या आवर्तनात उजवा-डावा-उजवा. म्हणजे दुसऱ्या आवर्तनाची सम येते डाव्या हातावर. तिसऱ्याची परत उजव्यावर. सम दर वेळी हात बदलते. तुम्ही मनात ‘उजवा म्हणजे एक’ असं बांधून ठेवलंय, म्हणून पहिलं आवर्तन पार पडतं आणि दुसऱ्यात संगीत एकीकडे, हात दुसरीकडे. सावकाश करताना हे कळत नाही, कारण तेव्हा तुम्ही थापा मोजता, मात्रा मोजतच नाही.

आपल्याकडून आलेल्यांना हे जास्त जड जातं, आणि त्याचं कारण मला शाळेच्या मैदानात दिसतं. लेझीम आणि कवायत यांवर आपण वाढलो. तिथे ठेका दोन-चारचा, डावा पाय पडला की एक. पाय आणि आकडा यांची गाठ इतकी घट्ट बसते की तीनच्या तालात ती सोडवायला वेळ लागतो. ज्यांचा कान दादऱ्याला सरावलेला असतो ते थोडे सुखी, पण त्यांनाही टाळी एका हाताला चिकटवायची सवय मोडावी लागतेच.

म्हणून नियम एकच: सम हातात ठेवायची नाही, ज्या पायावर उभे आहात त्या पायात ठेवायची. हातांनी काय हवं ते करावं, शरीराला ‘एक’ कुठे आहे ते तळपायातून कळलं पाहिजे. आमच्याकडची मुलं हे आपसूक शिकतात, कारण थापा शिकायच्या आधी ती नुसती उड्या मारत वर्तुळात फिरतात. मोठी माणसं ती पायरी गाळतात. व्हिडिओ त्यांना थेट थापांपाशी नेऊन उभं करतो.

तर घरी करायचंच असेल तर हात पूर्ण विसरून जा. ते कमरेवर ठेवा. स्टायरिश हार्मोनिकावर वाजवलेला एखादा संथ लेंडलर लावा. ही बटणांची पेटी भाता ओढताना एक सूर देते आणि दाबताना दुसरा, त्यामुळे तिच्यात सम उचलून धरल्यासारखी ऐकू येते, शिकणाऱ्याला बरी. आता जागच्या जागी एका पायावर हलकी उडी घ्या, दुसऱ्या पायाचा गुडघा वर. पाय बदला. मोठ्याने मोजा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. प्रत्येक ‘एक’वर वजन थोडं जास्त पडू द्या. ज्या पायावर ‘एक’ येईल तो दर वेळी वेगळा असेल. त्याचं काही वाटेनासं झालं की पुढे जायचं. तोवर नाही. कंटाळा येईल. येऊ द्या.

त्यानंतर हात आणा, पण फक्त मांडीवर आणि फक्त समेवर. बाकी दोन मात्रा रिकाम्या. मग तिन्ही मात्रा. बुटाच्या तळव्याची थाप सगळ्यात शेवटी, कारण तिथे नवा शिकणारा हमखास एक गोष्ट उलटी करतो: तो वाकून हाताने बूट शोधतो. हात बुटाकडे जात नाही, बूट हाताकडे येतो. समोरच्या थापेसाठी पाय गुडघ्यात दुमडून दुसऱ्या पायासमोर आडवा वर आणायचा, घोटा असा वळवायचा की तळवा आतल्या बाजूला दिसेल, आणि विरुद्ध बाजूचा हात त्याला वाटेत भेटतो. मागच्या थापेत टाच मागे वर येते आणि हात पाठीमागे जाऊन तळवा गाठतो. दोन्ही वेळा छाती उघडी, मान ताठ, नजर समोर. आरशात पाहताना हातांकडे पाहू नका, खांद्यांकडे पाहा. खांदे खाली-वर झोके घेत असतील तर तुम्ही अजून बूट शोधताय.

कंबरेत आखडलेपणा असेल तर पाय तेवढा वर येणार नाही. तुमचं बूड दिवसभर खुर्चीत असतं, तेव्हा ते असणारच. त्यासाठी मांडीच्या मागच्या शिरा आणि जांघेचे सांधे मोकळे करणारे ताण रोज द्या. बूट उंच येत नाही म्हणून वाकणं ही तडजोड करू नका. त्यापेक्षा ती थाप हवेतच सोडून द्या, पाठ सरळ ठेवा. हवेत गेलेली थाप महिन्याभराने बुटाला लागते. वाकण्याची सवय लागली की ती काढताना आमचा जीव जातो.

आवाजाचं. मांड्या लाल होतात आणि आवाज मेलेला, याचा अर्थ तुम्ही मारताय आणि हात तिथेच ठेवताय. हाताची बोटं जुळलेली, तळहात सपाट, मनगट सैल. हात लागला की त्याच क्षणी उसळून सुटला पाहिजे. जोर लावून मारलं की खांद्यापासून बोटापर्यंत सगळं आवळतं आणि पुढच्या थापेला उशीर होतो. तालातल्या गुंत्याचं निम्मं कारण हेही असू शकतं. दुसरं म्हणजे तुम्ही घरात बहुधा जीन्स किंवा पायजम्यावर सराव करताय. त्यावर टणक आवाज येणारच नाही. हरणाच्या चामड्याची आखूड विजार, म्हणजे लेडरहोज, मांडीवर ताणलेली असते, थाप त्या चामड्यावर पडते, म्हणून ती ‘फट्’ अशी ऐकू येते. सरावाला चामडं नसेल तर आवाजाच्या मागे लागूच नका, वेळेच्या मागे लागा. आणि थाप मांडीच्या मधोमध घ्या. गुडघ्याच्या वाटीवर किंवा उघड्या कातडीवर बसली की दुसऱ्या दिवशी ऑफिसात जिना उतरताना आठवण येते.

अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. यावर मी मुलांच्या पालकांनाही बोलतो. अंगठीची कड बुटाच्या तळव्यावर बसली की बोट सुजतं, मग अंगठी निघत नाही. पायात रबरी पकडीचे धावायचे बूट नकोत. तळवा जमिनीला चिकटतो आणि वळताना गुडघा पिळला जातो. गुळगुळीत तळव्याचा, घोट्याला मोकळा पण टाचेला घट्ट बूट हवा. चाळिशीत मांडीपेक्षा पोटरी आणि टाचेमागची शीर आधी कुरकुरते, कारण सगळी उडी तिथे झेलली जाते. फरशीवर सराव करू नका, लाकडी जमीन बघा. आधीची गुडघ्याची दुखापत असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. यात मी काही सांगू नये.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ पाहिला. तो लाकूडतोड्यांचा नाच आहे: ओंडका, करवत, कुऱ्हाडी, मध्येच एकमेकांना खोट्या थोबाडीत. असे नाच रंगमंचाचे. थोबाडीतींचा स्वतंत्र वाटशनटान्सही त्याच जातीचा. पर्यटकांसाठी भरणाऱ्या ‘टिरोलर आबेंड’मध्ये आणि बिअरच्या हॉलमध्ये तेच दिसतात, कारण भाषा न कळणाऱ्यालाही ते लगेच कळतात. मला ते आवडतात, कमी लेखत नाही. पण शिकायला ते वाईट. वेग जास्त, विनोद जास्त आणि चुका गोंधळात झाकल्या जातात. मंडळात तुम्हाला आधी हाउसहामरसारखा साधा जोडीचा प्लाटलर देतील. हाउसहाम हे मीसबाख जिल्ह्यातलं गाव. हा नाच अमेरिकेतल्या बव्हेरियन मंडळांतही सगळ्यांना येतो. संथ आहे, लपायला जागा नाही. तो नीट आला की बाकीचे पटापट येतात.

त्या जोडीच्या नाचाची रचना आधीच माहीत असलेली बरी. जोड्या वर्तुळात येतात, थोडं चालणं किंवा लेंडलर. मग जोड्या सुटतात. पुरुष थापा देतात, मुली त्यांच्या भोवतीने गिरक्या घेत पुढे सरकतात. शेवटी पुन्हा जोडी जुळून वॉल्ट्झ. एकट्याने घरी शिकताना तुम्ही यातला फक्त मधला तुकडा शिकताय. आणि थापा संपल्यावर आपली जोडीदार नेमकी कुठे असेल हे माहीत असणं हाच त्या तुकड्याचा अर्धा भाग आहे.

इथेच तुमच्या पत्नीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. जुन्या वळणाच्या मंडळांत अजूनही थापा पुरुष देतात आणि बायका गिरक्या घेतात, हे खरं. अलीकडे बायकांचे प्लाटलर गटही दिसतात. आणि म्युनिकमध्ये समलिंगी पुरुषांचा ‘श्वूप्लाटलर’ नावाचा गट आहे, तिथे तर जोडीचा हिशेबच वेगळा. पण ‘नुसत्या गिरक्या’ हा शब्द मला मान्य नाही. वहिनींना एकदा करून बघायला सांगा: एका दिशेने, न थांबता, छोट्या पावलांनी, डोकं खाली-वर न होऊ देता, आणि फिरता फिरता मोठ्या वर्तुळावरून पुढे सरकायचं, तेही दोन जोड्यांमधलं अंतर सारखं ठेवून. घागरा सगळ्या बाजूंनी सारखा उचलला गेला पाहिजे. एका बाजूने खाली पडला तर कमरेत कल आहे हे लांबून दिसतं. स्पर्धेत परीक्षक तेच बघतात. आमच्याकडे पुरुषांच्या चुकांपेक्षा मुलींच्या घागऱ्यावरून जास्त वाद होतात.

स्पर्धेचा विषय निघालाच आहे तर एक समजूत दूर करतो. तुम्ही लिहिलंय की हा रानकोंबड्याच्या प्रणयावरून आलेला हजार वर्षांचा नाच, मग त्यात इतके नियम कशाला. कोंबड्याची गोष्ट सगळेच सांगतात, आम्हीही पाहुण्यांना सांगतो. आणि टेगर्नझेच्या मठाशी जोडलेल्या अकराव्या शतकातल्या एका लॅटिन काव्यात तरुण-तरुणीच्या नाचाचं वर्णन आहे हेही खरं. तो ससाण्यासारखा घिरट्या घेतो, ती पाकोळीसारखी. सुंदर ओळी आहेत. पण त्यांवरून आजच्या प्लाटलरपर्यंत सरळ रेघ ओढणं मला धाडसाचं वाटतं. आधीच्या काळी हा खेड्यातल्या पोरांचा ज्याचा त्याचा नाच होता. थापा कशा आणि किती हे ज्याने त्याने ठरवायचं. आज आपण बघतो तो ओळीने, एका ठोक्यात होणारा नाच मंडळांनी घडवला. अशा मंडळांची सुरुवात 1883 साली बायरिशत्सेलला झाली. योझेफ फोगल नावाच्या शाळामास्तरांनी गावचा जुना पेहराव टिकावा म्हणून मंडळ काढलं. पुढे गावोगावी मंडळं निघाली, 1890 मध्ये त्यांचा पहिला संघही झाला. मंडळं आली तशा चढाओढी आल्या, आणि चढाओढ म्हटलं की सगळ्यांनी सारखं करायला हवं. नियम तिथून आले.

हे सांगण्याचं कारण तुमच्या मुख्य प्रश्नाशी आहे: घरी शिकून जावं की नाही. सगळ्यांचा हात एकाच क्षणी पडणं हा या नाचाचा आजचा प्राण आहे. एकट्याने ते शिकताच येत नाही. तुम्ही घरी जितकं पक्कं बसवाल तितकं मंडळात मोडावं लागेल, कारण त्यांचा क्रम वेगळा असेल, कोपर किती बाहेर, गुडघा किती वर हेही वेगळं असेल. म्हणून माझं मत: उड्या, मोजणं आणि अंग मोकळं करणं घरी, थापांचा क्रम मंडळात. तुमचा आत्तापर्यंतचा सराव वाया गेला असं नाही, पण तो क्रम आता सोडून द्या.

परकेपणाबद्दल मी सगळ्या मंडळांच्या वतीने बोलू शकत नाही. काही मंडळं मोकळी, काही आपल्यातच राहणारी. काही ठिकाणी ‘सक्रिय’ नाचणारे म्हणजे तरुण आणि अविवाहितच, लग्न झालं की माणूस आपोआप बाजूच्या बाकावर जातो; तिथे चाळिशीच्या नवख्याला कुठे उभं करायचं हेच त्यांना कळणार नाही, त्यात तुमच्या रंगाचा किंवा आडनावाचा संबंध नसेल. काही ठिकाणी मात्र मोठ्यांचा स्वतंत्र गट असतो. हे विचारल्याशिवाय कळत नाही. पण तुमची बाजू भक्कम आहे, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही: तुमचा मुलगा आधीच आत आहे. आठवड्यातून एकदा तुम्ही त्या दारात उभे असता. मंडळाचा जो फोरप्लाटलर असेल, म्हणजे नाचात पुढे राहून सगळ्यांना शिकवणारा, त्याला तुम्ही चेहऱ्याने माहीत आहात. सराव संपल्यावर त्याच्याकडे जा, ‘ग्रिअस डी’ म्हणा आणि मोठ्यांच्या सरावाला बसून बघू का, एवढंच विचारा. मंडळात सगळे एकमेकांना ‘डू’ (अरे-तुरे) म्हणतात, ऑफिसातलं ‘झी’ (अहो-जाहो) तिथे आणू नका. बोली पहिल्यांदा निम्मीच कळेल. सूचना मात्र ठरलेल्या असतात, त्या कानाला लवकर सरावतात. सरावानंतर वीर्ट्सहाउसमध्ये, म्हणजे गावच्या खानावळीत, बसायला बोलावतील. जा. शाकाहारी असाल तर केझश्पेट्झले (चीज घातलेल्या शेवया) मिळतं, आणि बिअर न पिणाऱ्याकडे आता कोणी वळून बघत नाही.

नाचायला येण्याआधी खुर्च्या उचलायला या, असंही एक न सांगितलेलं कलम असतं. गावच्या उत्सवात तंबू उभारणं, केक आणणं, मुलांना गाडीने स्पर्धेला नेणं. जो हे करतो तो मंडळाचा होतो, मग त्याच्या थापा जरा मागेपुढे झाल्या तरी चालतात.

कपडे आत्ता घेऊ नका. ऑक्टोबरफेस्टच्या सुमारास दुकानांत येणारी स्वस्त लेडरहोज मंडळात चालत नाही. हरणाच्या चामड्याची, हाताने भरतकाम केलेली मापाची लेडरहोज हजार युरोंच्या वर सहज जाते. शिवाय टोपीचा रंग, तिच्यावरचं पीस किंवा गाम्सबार्ट (रानबकऱ्याच्या केसांचा तुरा), पोटरीवरचे मोजे, जाकिटाची बटणं हे सगळं त्या त्या मंडळाचं ठरलेलं असतं. आधी घेतलं तर नेमकं शेजारच्या गावाचं घ्याल. पहिले काही महिने साध्या आखूड पँटवर सराव करू देतात, आणि पुष्कळ मंडळांच्या कपाटात कुणाची तरी वापरलेली जोडी पडून असते. मापाची मिळेपर्यंत विचारत राहायचं.

राहिला वेळेचा प्रश्न. मे ते ऑगस्ट उत्सवांचा हंगाम, तेव्हा सगळे मिरवणुकांत आणि स्पर्धांत अडकलेले असतात, नवख्याला हात धरून शिकवायला कुणाला सवड नसते. 25 नोव्हेंबरला काथराइन, म्हणजे संत कॅथरीनचा दिवस, त्या दिवसानंतर जुन्या रिवाजाने नाच बंद होतो आणि नाताळ होईपर्यंत बंदच राहतो. 6 जानेवारीला तीन राजांचा सण झाला की पुन्हा हॉल उघडतात. हिवाळ्यात गर्दी कमी, घाई नाही, फोरप्लाटलरलाही नवा माणूस हवाच असतो. तुमचा प्रश्न ऑक्टोबरात आलाय, म्हणजे काथराइनपर्यंत नुसतं बसून बघा, डिसेंबरभर घरी उड्या मारा, आणि जानेवारीतल्या पहिल्या सरावाला बूट घेऊन जा.